तिसरी किल्ली

माझं सलून आणि भाऊजींचं किल्ल्यांचं दुकान समोरासमोर आहे. मधे रस्ता, तोही असा की समोरासमोर दोन हातगाड्या आल्या की एकीनं मागं सरायचं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला आरशात स्वतःचा चेहरा दिसतो, मला त्याच्या डोक्यावरून भाऊजींचं दुकान दिसतं. इतकी वर्षं मी गावाच्या हजामती केल्या त्या एक डोळा समोर ठेवूनच. कुणाच्या कानाला कधी वस्तरा लागला असेल तर त्याचं कारण हे आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते या गावचे नाहीत. हे मी आज सरळ लिहितो आहे, पण मागच्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी जरा थांबलो असतो आणि मग म्हणालो असतो, हो की, खरंच, ते बाहेरचे. तरुणपणी एका पत्र्याच्या पेटीत कानशी, पकड आणि एक हातोडी घेऊन ते इथं उतरले. आमच्या घराची किल्ली हरवली होती म्हणून वडिलांनी त्यांना बोलावलं. कुलूप उघडायला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याच्या चौपट लागला, आणि त्याचं कारण दारात उभी असलेली ताई होती. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "कुलूप उघडायला बोलावला, तर घरातलं माणूसच घेऊन गेला." पण हसत म्हणायचे.

गाव त्यांना किल्लीमामा म्हणतं. ते सगळ्या गावाचे मामा आणि मी त्यांचा मेहुणा, तेव्हा मी गावाचा कोण हे अजून ठरायचं आहे.

त्यांची एक पद्धत होती. नवं कुलूप बसवलं की ते तीन किल्ल्या करायचे. दोन घरमालकाला, तिसरी दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला. त्या किल्लीला ना चिठ्ठी, ना नंबर, ना रंग. कुठली किल्ली कुणाच्या घरची हे फक्त त्यांना ठाऊक. कुणी दाराबाहेर अडकलं, कुणाची म्हातारी आई आतून कुलूप लावून झोपून गेली, कुणी किल्ली गाडीत विसरून गाडी परगावी पाठवली, की माणूस धावत मामांकडे यायचा. भाऊजी भिंतीकडे न बघताच हात मागं न्यायचे आणि बरोबर किल्ली काढून द्यायचे. सुरुवात शाळेतल्या बाईंपासून झाली होती. बाई एकट्या राहायच्या आणि आठवड्याआड स्वतःला बाहेर कोंडून घ्यायच्या. "एक तुझ्याकडेच ठेव बाबा," म्हणाल्या. मग शेजारच्यांनी ठेवली, मग आळीनं, मग गावानं. सकाळी ऊन आलं की ती भिंत चमकायची. माझ्या आरशात त्याची तिरीप यायची आणि गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. मला ते आवडायचं, कारण डोळे मिटलेलं गिऱ्हाईक कमी बोलतं.

आता पालिकेचं सांगतो. आमच्याकडे बाहेरून आलेल्या माणसासाठी जुनी रीत होती. नळाचं कार्ड हवं, खोलीची नोंद हवी, दुकानाचा परवाना हवा, तर गावातल्या दोन माणसांनी सभागृहात उभं राहून म्हणायचं, "मी याला ओळखतो." नात्यातला माणूस चालायचा नाही, घरमालक चालायचा नाही. दोघं उभे राहिले की तो माणूस इथला झाला, विषय संपला. भाऊजी असेच इथले झाले. त्यांच्यासाठी शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या होत्या आणि दुसरे औषधवाले, म्हणजे आत्ताच्या औषधवाल्याचे वडील.

रीत चांगली होती असं मी डोळे झाकून म्हणणार नाही. गावाबाहेर मोठी गोदामं झाली आणि कामाला माणसं येऊ लागली, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहू लागली, तेव्हा त्यांना ओळखणार कोण? ज्याची ओळख नाही त्याला पाणी नाही. काही नग हमी द्यायचे पैसेही घेऊ लागले. भाऊजी मात्र दर सभेला जायचे. एखादा पोरगेलासा कामगार खोलीसाठी कुलूप घ्यायला आला, दोनदा-चारदा बसला, बोलला, की भाऊजी त्याच्यासाठी उभे राहायचे. मी म्हणायचो, "भाऊजी, एक दिवस कुणी तरी तुम्हाला तोंडघशी पाडेल." ते म्हणायचे, "पाडलं तर उठेन."

अशात ती संस्था आली. मोठ्या शहरातली, स्थलांतरितांसाठी काम करणारी. तिच्याबरोबर एक सल्लागार कंपनी. संस्था निधी देणार, कंपनी धोरण लिहिणार आणि पालिका हात वर करून ते मंजूर करणार, अशी कामाची वाटणी होती. निधीत पाण्याची टाकी होती, दवाखाना होता आणि जाता जाता बाजारातला रस्ताही होता. रस्त्याचं नाव निघाल्यावर आमच्या नगरसेवकांच्या मनात स्थलांतरितांबद्दल एकदम माया दाटून आली.

संस्थेच्या बाई वाईट नव्हत्या. हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय, कारण त्या वाईट असत्या तर मला रात्री झोप लागली असती. खरंच कळवळ्याच्या होत्या. कामगारांच्या खोल्यांत जाऊन जमिनीवर बसायच्या, आजारी पोराच्या कपाळाला हात लावून बघायच्या. कंपनीचा सल्लागारही सभ्य होता. तरुण, चष्मेवाला, सगळ्यांना अहो-जाहो करणारा, चहा विचारला तर कोमट पाणी मागणारा. राग काढावा तर कुणावर?

बाई एक दिवस भाऊजींच्या दुकानात आल्या. मी आरशात पाहिलं आणि गिऱ्हाइकाला तसंच फेसात ठेवून पलीकडे गेलो.

"मामा, धोरण ठरवणाऱ्या समितीवर आम्हाला तुमच्यासारखा माणूस हवाय," बाई म्हणत होत्या. "तुम्हाला ते लोक मानतात आणि गावही मानतं."

"मी काय बोलणार? मला किल्ल्यातलं कळतं," भाऊजी म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते. सुखावले की त्यांचे कान लाल होतात, हे ताईनं मला फार पूर्वी दाखवून दिलेलं आहे.

ते हो म्हणाले. त्यांना वाटलं, गावातर्फे बसायचंय. आल्या माणसाला गाव कसं असतं ते सांगायचं, गावाला आलेला माणूस कसा असतो ते सांगायचं, मधे बसायचं. ताईनं शर्टाला दोनदा इस्त्री केली.

पहिल्याच बैठकीत सभागृहात खुर्च्या दोन बाजूंना मांडल्या होत्या. एका बाजूला गावचे रहिवासी, दुसऱ्या बाजूला स्थलांतरित. भाऊजी सवयीनं रहिवाशांकडे, औषधवाल्याशेजारी जाऊन बसले. चष्मेवाला लगबगीनं आला आणि हळूच म्हणाला, "मामा, तुमची पाटी तिकडे ठेवलीय." पलीकडच्या पहिल्या खुर्चीसमोर पाटी होती, त्यावर लिहिलं होतं, स्थलांतरित प्रतिनिधी. भाऊजी उठले आणि तिकडे जाऊन बसले. सगळ्यांसमोर कशाला वाद, असं त्यांना वाटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढी एकच चूक केली, आणि तीही भिडेपोटी.

मग संस्थेचा फलक लागला. चौकात भाऊजींचा छातीपर्यंतचा फोटो, मागं किल्ल्यांची भिंत, आणि वर मोठ्या अक्षरात: "मीही बाहेरचाच." खाली बारीक अक्षरात बरंच काही चांगलं लिहिलं होतं, पण बारीक अक्षरं चालत्या माणसानं वाचायची नसतात.

ताई फलकाखाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. "फोटो छान आलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण हे असं का लिहिलंय रे? हे या गावचे जावई, माझं माहेर काय हवेत आहे का?"

माझा राग नाकावर असतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी तडक भाऊजींकडे गेलो. "तुम्ही असं म्हणालात?"

"त्यांनी विचारलं, मूळचे कुठले? मी सांगितलं, बाहेरचा. खोटं कसं बोलू?"

"अहो, खरं असलं म्हणून काय चौकात टांगायचं?"

ते हातातली किल्ली उगाचच घासत राहिले, ती पार बारीक झाली आणि फेकून द्यावी लागली.

फलक लागल्यापासून कामगार त्यांच्याकडे दिवसभर येऊ लागले. आता ते प्रतिनिधी होते ना. कुणाचा पगार अडकला, कुणाला दवाखाना हवा, कुणाला नुसतं बसायचं असायचं. फळीवर, पायरीवर, रस्त्यावर उकिडवी, माणसंच माणसं. आणि त्यांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, सगळ्या गावाच्या घरांच्या किल्ल्या.

पहिला आला तो औषधवाला. माझ्याकडे दाढी करून उठला, आरशात मान वळवून समोर पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेला. मी मागोमाग दारात आलो.

"मामा, ती आमची किल्ली जरा द्या. घर रंगवायला काढतोय."

"हो, हो," म्हणत भाऊजींनी हात मागं नेला, किल्ली काढली, तेलाच्या फडक्यानं पुसली आणि दिली. औषधवाल्यानं ती खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवूनच निघून गेला. त्याच्या घराला रंग लागलेला मी अजून पाहिलेला नाही.

मग शिंपीण आली. तिची बहीण राहायला येणार होती म्हणे. मग पेढीवरचा कारकून, मग कोपऱ्यावरचे दोघे भाऊ, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही पण किल्ली न्यायला बरोबर आले. प्रत्येकाकडे कारण होतं आणि एकाचंही कारण खरं नव्हतं. कुणीही वावगं बोललं नाही. उलट नेहमीपेक्षा गोड बोलले, तब्येत विचारली, ताईची चौकशी केली. वावगं बोलले असते तर मी भांडलो असतो. भांडायला जागा मिळाली नाही की माझ्या हातापायांना मुंग्या येतात. मी दिवसभर सलूनच्या दारात येरझाऱ्या घालायचो, कात्री हातात तशीच. ताई समोरच्या दुकानातून ओरडायची, "अरे, गिऱ्हाईक बसलंय तुझं."

भाऊजीही बसेनात. दुकान उघडायचे, झाडायचे, पुन्हा झाडायचे, मोकळ्या खिळ्यांवरून बोट फिरवायचे. ज्या खिळ्यावरची किल्ली गेली तो खिळा ते उपटून काढायचे नाहीत. आरशातली तिरीप दिवसेंदिवस बारीक होत गेली.

त्यातच त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. पालिकेतला बाबू, ज्याच्या टेबलाच्या खणाचं कुलूप भाऊजींनी फुकट बदलून दिलं होतं, खाली मान घालून म्हणाला, "मामा, नवं धोरण मंजूर व्हायच्या बेतात आहे. ते झालं की तुमचं काम इथं नाही, केंद्रात."

"कुठलं केंद्र?"

"ते स्थलांतरितांचं होणारे ना, तिथं. पालिकेच्या हद्दीत जन्मला नसेल तो स्थलांतरित, अशी व्याख्या आहे. हमीची जुनी रीत रद्द."

भाऊजी तिथून सरळ चष्मेवाल्याकडे गेले. मी बरोबर होतो, कारण मला राहवेना. चष्मेवाल्यानं लॅपटॉप बंद करून नीट ऐकून घेतलं. तो ऐकायचा चांगलं, कामच होतं त्याचं.

"मामा, व्याख्या एकसारखी असावी लागते. त्यात ओळखीपाळखी आल्या की अन्याय होतो. ज्याची ओळख नाही तो मरतो. तुम्हीच बैठकीत सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले. "पण मग मी इथला कधी होणार?"

त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला, काही तरी शोधलं. खरंच विचार करत होता बिचारा. शेवटी म्हणाला, "त्याची तरतूद सध्या नाहीये. पुढच्या टप्प्यात बघता येईल."

संस्थेच्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. धोरण मंजूर व्हायच्या सभेत भाऊजींनी त्याच्या बाजूनं बोलायचं होतं. "तुम्हीच विरोध केलात तर नगरसेवकांना निमित्त मिळेल," त्या म्हणाल्या. "निधी दुसरीकडे जाईल. टाकी नाही, दवाखाना नाही. मी तुमच्यावर दडपण आणत नाहीये मामा, जे होईल ते सांगतेय." आणि ते खरं होतं. गोदामांकडे पोरांना पाण्यानं जुलाब लागत होते. भाऊजींनी ती पोरं खांद्यावर घेऊन औषधवाल्याकडे नेलेली मी पाहिली आहेत.

सभेच्या दिवशी आम्ही तिघं घरात बसलो होतो. बसलो होतो म्हणजे ताई एकटी बसली होती, आम्ही दोघं खोलीत फिरत होतो आणि एकमेकांवर आदळत होतो.

"सरळ नाही म्हणा," मी म्हणालो.

"आणि त्या पोरांचं पाणी?"

"मग हो म्हणा आणि मोकळे व्हा."

"मग माझं काय?" त्यांनी इतक्या मोठ्यानं हे कधी विचारलं नव्हतं. ताई उठली, त्यांच्या कॉलरचं बटण लावलं आणि म्हणाली, "तुम्हाला जे बोलावंसं वाटेल ते बोला. घरी यायचं तर इथंच आहे."

सभागृह भरलं होतं. अध्यक्षबाई वर बसल्या होत्या. गाव इकडे, कामगार तिकडे, मागच्या भिंतीला टेकून संस्थेची माणसं. भाऊजींच्या हातात कंपनीनं लिहून दिलेलं भाषण होतं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

"टाकी व्हायला हवी. दवाखाना व्हायला हवा," ते म्हणाले. "त्याला माझा विरोध नाही. केंद्रही होऊ द्या, ज्याला ओळख नाही त्याचं काम तिथं होऊ द्या. माझी एकच विनंती आहे. ज्याच्यासाठी गावातली दोन माणसं उभी राहतील, त्याला इथला म्हणा. ती रीत पुसू नका. एवढी ओळ घाला."

अध्यक्षबाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "भावना समजते, पण ही रीत आता चालू आहे का, लोक खरंच उभे राहतात का, हा प्रश्न आहे."

"आत्ता बघू या की," भाऊजी म्हणाले. "माझ्यासाठी बघा. पूर्वी दोघं उभे राहिले होते. आज कुणी राहील का?"

मी ताडकन उभा राहिलो. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही नात्यातले. चालत नाही." मला ठाऊक होतं. तरी माझे पाय मला खाली बसू देईनात, ताईनं शर्ट धरून ओढलं तेव्हा बसलो.

शाळेतल्या बाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, शेजारणीचा खांदा धरून उठल्या. "मी याला ओळखते," म्हणाल्या. पूर्वी म्हणाल्या होत्या तितक्याच स्पष्ट.

एक झालं. मी औषधवाल्याकडे पाहिलं. सगळं सभागृह त्याच्याकडेच पाहत होतं, कारण पूर्वी कोण उभं राहिलं होतं हे गावाला माहीत होतं. त्याचे हात गुडघ्यांवर होते. मला अजूनही वाटतं की तो उठणार होता, कारण त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. मग त्यानं वाकून चपलेचा पट्टा नीट केला. शिंपीण छताकडे बघत होती. पलीकडे एक कामगार उठला, मग त्याच्यामागचा, मग सगळीच ओळ. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा, तुमचं धरता येत नाही." ते बसले नाहीत. पण ते धरता येत नव्हते.

भाऊजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "ठीक आहे," आणि पाटीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. धोरण हात वर करून मंजूर झालं. भाऊजींचा हातही वर होता, टाकीसाठी.

टाकी झाली. दवाखानाही चांगला चालतो, पोरांचे जुलाब थांबले. मी हे मान्य करतो, नको असलं तरी. संस्था आणि कंपनी पुढच्या गावी गेल्या, तिथंही धोरण हवं होतं. फलक उन्हानं विटला आणि एक दिवस कुणी तरी त्याचं कापड उतरवून हातगाडीवर ताडपत्री म्हणून घातलं. भाऊजी परवान्यासाठी केंद्रात जातात, रांगेत उभे राहतात. तिथले लोक त्यांना रीतसर वागवतात.

परवा औषधवाला स्वतःच्या घराबाहेर अडकला. भर दुपारी, बायको परगावी, किल्ली आत. आधी दाराशी झटापट केली, मग रस्त्यावर आला, माझ्या सलूनसमोर थांबला, पुन्हा मागं गेला, पुन्हा आला. शेवटी रस्ता ओलांडला. भाऊजींनी पेटी उचलली, गेले, कुलूप उघडून दिलं. कुलूप जुनं झालं होतं म्हणून औषधवाला म्हणाला, नवंच बसवा. ते बसवून दोघं दुकानात आले, किल्ल्या कापायला. मी आरशात बघत होतो. गिऱ्हाईक काही तरी विचारत होतं, मी हं हं म्हणत होतो.

भाऊजींनी सवयीनं तीन किल्ल्या केल्या. दोन पुढं ठेवल्या. तिसरी घेऊन हात मागं गेला, खिळ्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. मग त्यांनी ती पुढं आणून त्या दोन किल्ल्यांशेजारी ठेवली.

मी फडकं खांद्यावर टाकून दारात आलो.

"एक असू द्या की मामा, नेहमीसारखी," औषधवाला म्हणत होता. त्याचा चेहरा पडला होता. "तुमच्याकडे असली की बरं असतं."

"नको," भाऊजी म्हणाले. "तिन्ही तुम्हीच ठेवा. माझ्याच्यानं आता दुसऱ्याची किल्ली सांभाळवत नाही. जीव लागून राहतो."

औषधवाला तिन्ही किल्ल्या मुठीत घेऊन रस्त्यातच उभा राहिला. मागून हातगाडी आली तेव्हा बाजूला झाला.

आता त्या भिंतीवर दोनच किल्ल्या आहेत. एक शाळेतल्या बाईंची, त्यांनी मागितली नाही. दुसरी माझ्या घराची. मी ती मागितलेली नाही आणि भाऊजींनीही आपणहून दिलेली नाही. आम्ही तो विषय काढत नाही. पण रोज सकाळी सलूनचं शटर वर केलं की झाडू हातात घ्यायच्या आधी मी आरशासमोर जातो आणि ती अजून खिळ्यावर आहे ना, ते बघतो.